कन्यादानातला डेडलॉक

माझ्या बायकोच्या डोक्यात माझा नंबर अकरावा आहे, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तिच्याच मोबाइलवर वाचायला मिळालं. बहुतेक नवऱ्यांना याचा नुसता अंदाज असतो. माझ्याकडे यादी होती.

झालं असं, की वैजयंती अंघोळीला जाताना "चकतीचं चार्जिंग बघ रे जरा" म्हणून गेली. मी मोबाइल उघडला. चार्जिंग बहात्तर टक्के होतं. त्याच्या खाली लिहिलं होतं, 'चालू धागे : अकरा. महत्त्वानुसार.' पहिला धागा दुबईच्या अभ्यंकरांच्या वास्तुशांतीच्या तयारीचा. दुसरा एका मुंजीचा. पुढे अशीच कार्यं. सातवा, 'गॅस बंद केला का.' आठवा, 'अंगणातली रांगोळी.' नववा, समोरच्या घाटगेबाईंचा गुडघा. दहावा, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर काय चाललंय ते. आणि अकरावा : 'श्रीरंग, इतर.'

ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "इतर म्हणजे काय गं?"

"अरे, ती यादी आपोआप होते. मी थोडीच लिहिलीय?" ती केस पुसत म्हणाली.

तिनं लिहिली असती तर भांडता तरी आलं असतं. यंत्रानं तिच्या डोक्यात डोकावून लिहिली होती, म्हणजे खरीच असणार.

मी श्रीरंग मोडक. सांगलीच्या एका तंत्रनिकेतनात बत्तीस वर्षं 'ऑपरेटिंग सिस्टिम' हा विषय शिकवला. तो दुपारच्या जेवणानंतरच्या तासाला असायचा. वर्गात दोन मुलं जागी असत आणि त्यातलं एक मी हलवून उठवलेलं असे. वैजयंती पौरोहित्य करते. तिनं सांगली-मिरजेत इतकी लग्नं लावली आहेत, की मंडईत गेलं की चार जोडपी तरी तिला वाकून नमस्कार करतात. त्यातलं एखादं जोडपं आपापसात बोलत नसतं, तो भाग वेगळा.

दोन हजार चाळीसच्या सुमाराला पुरोहित फार कमी उरले. मुहूर्त मात्र पंचांगात होते तेवढेच राहिले. सगळ्या जगातल्या मराठी माणसांना एकाच दिवशी, एकाच मिनिटाला बोहल्यावर चढायचं होतं आणि वैजयंती एकच होती. म्हणून तिनं 'बहुचित्त' बसवून घेतलं. कानामागे शर्टाच्या बटणाएवढी एक चकती आणि कातडीखाली केसाहून बारीक तारा.

हे यंत्र करतं काय, ते मला सांगायलाच हवं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी जागं राहून ऐकेल अशी आशा आहे. आपलं लक्ष एका वेळी एकाच कामावर असतं, पण त्यातला बराचसा वेळ ते नुसतं वाट बघत असतं. तोंडपाठ श्लोक म्हणताना, दूध उतू जाण्याची वाट बघताना, नवरा बोलत असताना. बहुचित्त हा रिकामा वेळ हेरतं. एक काम थांबलं की ते कुठे थांबलं याची खूण ठेवतं आणि लक्ष दुसऱ्या कामावर नेतं. मग तिसऱ्यावर. मग परत पहिल्यावर, खूण ठेवली होती तिथे. सेकंदाला तीस वेळा. हे इतक्या चपळाईनं होतं, की बघणाऱ्याला सगळी कामं एकदमच चालली आहेत असं वाटतं. तोंड एकच असलं तरी बोलायचा विचार यंत्र मेंदूतूनच उचलतं आणि तिच्याच आवाजात, तिच्याच चेहऱ्यानिशी लांबच्या पडद्यावर पोचवतं. संगणकात अशा प्रत्येक कामाला थ्रेड म्हणतात, धागा.

आता यातली गोम. धागे वेगवेगळे असले तरी स्मरणशक्ती एकच असते. एका स्वयंपाकघरात चार जणी राबतायत आणि मिसळणाचा डबा एकच आहे असं समजा. एकीनं आमटी चाखली, अळणी लागली, ती मीठ आणायला वळली. तेवढ्यात दुसरीनं चाखली, तिलाही अळणी लागली. दोघींनीही मीठ घातलं. चूक एकीचीही नाही आणि आमटी मात्र कुणाच्या तोंडात जात नाही. यावर उपाय म्हणून संगणकात कुलूप असतं. ज्याच्या हातात डाव, त्यानंच मीठ घालायचं. बाकीच्यांनी हात बांधून उभं राहायचं.

सुरुवातीला मला यंत्राचं कौतुकच वाटलं. ती पोहे परतता परतता टोरांटोला गणपती बसवायची. पण महत्त्वानुसार काम वाटलं, की तळाच्या धाग्याची पाळी येतच नाही, याला आमच्या शास्त्रात उपासमार म्हणतात. मी दोन वर्षं उपाशी होतो. काहीही बोललं तरी "हं" असं उत्तर यायचं, तेही बोलणं संपल्यावर बऱ्याच वेळानं. एकदा मी परीक्षा घ्यायची म्हणून म्हणालो, "वैजयंती, मी उद्या संन्यास घेतोय."

"हं," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुढचा तुकडा आला, "येताना कोथिंबीर आण."

मी कोथिंबीर आणली.

मग आमच्या रेवाचं लग्न ठरलं. रेवा जनावरांची डॉक्टर आहे, कराडला असते. मुलगा ईशान गोगटे, स्वभावानं गरीब, हसतो छान. माघात एकच चांगला मुहूर्त होता, सकाळी अकरा सत्तेचाळीसचा, आणि लेकीचं लग्न आपणच लावायचं असं वैजयंतीनं जाहीर करून टाकलं.

बोलणी करायला रेवा रविवारी घरी आली. आई शेंगा सोलत बसली होती.

"आई, कन्यादान वगैरे मला पटत नाही," रेवा म्हणाली. "द्यायला मी वस्तू आहे का? पण तुझी हौस आहे, तर करू. माझी एकच अट आहे. तू आणि बाबा शेजारी शेजारी बसायचं आणि तेवढा वेळ तू माझ्याकडे बघायचंस. सगळीच्या सगळी तू."

"अगं, असेन की! सगळ्यात वरचा धागा तुझाच."

"मला धागा नको आहे. तू हवीस."

"मीच ना ती?"

"माझ्याकडे रोज गायी येतात, आई. गायसुद्धा वासराला चाटताना दुसरं काही करत नाही."

"गायीला मेलबर्नचं लग्न नसतं," वैजयंती पटकन बोलून गेली आणि शेंगांकडे बघायला लागली.

तेव्हा आम्हाला कळलं. त्याच मुहूर्तावर तिनं मेलबर्नचं एक लग्न घेतलं होतं, आणि वर अभ्यंकरांची वास्तुशांतही. रेवा उठून गॅलरीत गेली. मी मागोमाग गेलो तर तिचे डोळे भरले होते.

"दोन वर्षांत आई माझ्याशी सलग पाच मिनिटं बोललेली नाही, बाबा. लग्नात तरी ती तिथे असायला हवी ना? तुम्ही करा काहीतरी. हेच शिकवायचात ना तुम्ही?"

मी "बघतो" म्हणालो. माझ्या "बघतो"ची या घरात काय किंमत आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, तरी तिनं माझा हात घट्ट धरला.

संध्याकाळी मी वैजयंतीला गाठलं. "मेलबर्न सोडून दे."

"दोन महिन्यांपूर्वी शब्द दिलाय. त्यांना आता दुसरं कोण मिळणार? मुलीचे आजोबा नव्वदीचे आहेत, ते नुसते या लग्नासाठी थांबलेत. त्यांना काय सांगू, की माझ्या नवऱ्याला सोयीचं नाही?"

मग मी कुलपांकडे वळलो. यंत्रातली कुलपं तिनं काढून ठेवली होती.

"ती लावली की मी अडखळते रे. मागे एका होमात 'स्वाहा' म्हणायला तीन सेकंद लागले. लोकांना वाटलं, बाई विसरल्या."

"आणि कुलपांशिवाय एकाच्या संकल्पात दुसऱ्याचं नाव गेलं तर?"

"दोन वर्षांत गेलंय का?"

"ते जाईपर्यंत जात नाही. हीच तर त्यातली गंमत आहे!" मी बत्तीस वर्षांचा सगळा अनुभव आवाजात आणून म्हणालो. तासभर वाद झाला. तिचे बाकीचे धागे त्या वेळात काय करत होते कोण जाणे, पण शेवटी कंटाळून तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. "लाव बाबा तुला हवी ती कुलपं. आणि लग्नाच्या दिवशी हा तूच सांभाळ, नऊवारीला खिसा नसतो."

मी बसून दोन कुलपं लावली. एक हातांना, एक मंत्रांना. हात एका वेळी एकाच धाग्याचे, मंत्र एका वेळी एकाच धाग्याचा. सगळ्यात वर रेवाचं नाव टाकलं आणि निश्चिंत झोपलो. इतका निश्चिंत मी कॉलेजात पेपर फुटला नव्हता त्या वर्षीही झोपलो नव्हतो.

लग्नाच्या दिवशी वैजयंती आमच्या बाजूच्या पाटावर बसली. हिरवी नऊवारी, नथ, समोर दोन टॅबलेट. एकात मेलबर्नचा मांडव दिसत होता, तिथे संध्याकाळ होती आणि तिथला नवरा मुलगा तन्मय सुटात सारखा घाम पुसत होता. दुसऱ्यात दुबईचे अभ्यंकर पतीपत्नी होमापुढे बसले होते, दोघंही सत्तरीचे. मंगलाष्टकं झकास झाली. अकरा सत्तेचाळीसला अक्षता पडल्या, इथेही आणि तिथेही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग कन्यादान. ईशानच्या ओंजळीवर रेवाची ओंजळ, तिच्यावर माझी. वैजयंतीच्या हातात पाण्यानं भरलेली झारी. पुरोहितांनी मंत्र सांगायचा, वधूपित्यानं तो मागून म्हणायचा आणि वधूच्या आईनं वरून पाण्याची धार धरायची. ती धार सुटली की दान पुरं. तोवर काहीच पुरं नसतं. इथे पुरोहितही वैजयंती आणि आईही वैजयंती, एवढाच फरक होता.

मी तिच्यामागून पोपटासारखा म्हणत गेलो. संस्कृत मला दहावीनंतर भेटलेलं नाही. पणजोबांचं नाव आलं, आजोबांचं आलं, माझं आलं, "रेवानाम्नीं कन्यां" आलं, मुलाकडची मंडळी आली, आणि मी मोठ्यानं ठणकावून म्हणालो, "तन्मयनाम्ने वराय..."

"ओ मोडक! थांबा! पाणी सोडू नका!"

ही ईशानची माणिकआत्या. कराडला शाळेत छत्तीस वर्षं संस्कृत शिकवलेली. लग्नातले मंत्र खरोखर ऐकणारा माणूस मी आयुष्यात प्रथमच बघत होतो. "अहो, पोरगी कुणाला देताय? तन्मय कोण?"

"मी, मी!" मेलबर्नच्या टॅबलेटमधून वरानं घाबरत हात वर केला. "पण इथे आत्ता ईशान असं म्हणाल्या."

पाठोपाठ दुबईहून आवाज आला. "आम्ही दोघांनी एकमेकांना हार घातले, बाई. तुम्ही सांगितलंत म्हणून. आता होमात काय टाकू?"

मी हातांना कुलूप लावलं होतं, मंत्रांना लावलं होतं. नावांना लावायचं राहिलं होतं. एका धाग्यानं डोक्यात वराचं नाव मांडून ठेवलं आणि तो मंत्राकडे वळेपर्यंत दुसऱ्यानं तिथे आपलं मांडलं. हा प्रश्न मी परीक्षेत आठ वेळा विचारला होता, दर वेळी दहा गुणांना.

"वैजयंती, नाव चुकलं. परत सांग," मी म्हणालो.

ती हलली नाही. झारी तिरकी, तोंड उघडं, नजर समोर. झारीच्या तोंडाशी पाण्याचा थेंब आला होता आणि तो तिथेच थांबला होता.

"आई?" रेवा म्हणाली.

मला कळायला दोन क्षण लागले. तिच्यातल्या आईनं हात धरून ठेवले होते आणि मंत्र बरोबर होईपर्यंत ती पाणी सोडणार नव्हती. तिच्यातल्या पुरोहितानं मंत्र धरून ठेवला होता आणि चुकीच्या नावावर तिरकी झालेली झारी खाली ठेवल्याशिवाय तो नवा मंत्र म्हणणार नव्हता. पण झारी खाली ठेवायला हात हवे होते, आणि ते आईकडे होते. दोघंही बरोबर होते आणि दोघंही जन्मभर वाट बघत बसणार होते. याला डेडलॉक म्हणतात, आणि ती दोन्ही कुलपं मी लावली होती.

"नेट गेलं का?" मेलबर्नच्या कुणीतरी विचारलं. त्यांच्यातले नव्वदीचे आजोबा काठी टेकत पडद्यापाशी आले आणि वैजयंतीच्या गोठलेल्या चेहऱ्याकडे काळजीनं बघू लागले. इकडे हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं शुगर, कुणी म्हणालं दृष्ट. रेवा ओंजळ तशीच धरून माझ्याकडे बघत होती. गॅलरीतली तीच नजर होती.

डेडलॉकमधून सुटायचा एकच मार्ग असतो, एकाच्या हातातलं काढून घ्यायचं. मी झारी काढून घेऊ शकत होतो. मग पुरोहित मोकळा झाला असता, तिन्ही कार्यं दहा मिनिटांत रांगेला लागली असती, आणि रेवाच्या ओंजळीवर धार माझ्या वहिनीनं धरली असती. नाहीतर मंत्र काढून घ्यायचा. म्हणजे पुरोहिताचा धागा मध्येच तोडायचा. चालता धागा मध्येच तोडू नका, हे मी दर वर्षी फळ्यावर लाल खडूनं लिहीत असे. कारण तुटताना तो काय घेऊन जाईल, ते सांगता येत नाही. वैजयंतीनं तीस वर्षं पहाटे उठून केलेलं पाठांतर त्या धाग्याच्या टोकाला होतं.

मी ओंजळ काढून घेतली आणि खिशातून मोबाइल काढला.

"अहो, हात काय काढताय!" माणिकआत्या ओरडली.

"आत्या, तुम्हाला लग्न लावता येतं?"

"मला? पाठ सगळं आहे. कुणी बोलावलं नाही कधी."

"मी बोलावतोय. हे मेलबर्न, हे दुबई. तिथले आजोबा नव्वदीचे आहेत, त्यांना आधी घ्या."

आत्यानं पदर खोचला, दोन्ही टॅबलेट उचलून बोहल्याच्या कोपऱ्यात बैठक मारली आणि पहिलं वाक्य म्हणाली ते "ए मुला, घाम पूस आणि ताठ बस." पुढे ते लग्न तिनं इतकं चोख लावलं, की मेलबर्नहून तिला आणखी दोन बोलावणी आली. अभ्यंकरांचे हार मात्र कुणी काढायला सांगितले नाहीत, म्हणून ते दोघं संध्याकाळपर्यंत घालून बसले होते म्हणे.

इकडे मी यादी उघडली. मेलबर्न, बंद. दुबई, बंद. तिसऱ्या नावावर बोट ठेवल्यावर पडद्यानं विचारलं, 'पुरोहित हा धागा मध्येच बंद केल्यास त्यातील आठवणींची हमी नाही. नक्की?' खरं सांगतो, त्या क्षणी मला बायकोची इतकी भीती वाटली नाही जितकी तिच्यासाठी वाटली. मी 'नक्की' दाबलं.

वैजयंतीची पापणी लवली. तिनं झारीकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"श्रीरंग, फार शांत आहे रे," ती पुटपुटली. मग तिचे ओठ हलले आणि थांबले. परत हलले. "मंत्र... मला मंत्र आठवत नाहीये. एक शब्द आठवत नाहीये."

ते सगळे तिसऱ्या दिवशी चहा गाळताना तिला एकदम आठवले आणि माझा जीव भांड्यात पडला. पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं?

"नको आठवूस," मी म्हणालो. "तू फक्त धार धर. मी सांगतो." मी परत ओंजळ धरली आणि मला येतं त्या भाषेत सुरुवात केली. "विष्णुपंत मोडकांची पणती, दत्तात्रय मोडकांची नात, वैजयंती आणि श्रीरंग यांची मुलगी रेवा. रंगनाथ गोगट्यांचा पणतू, वामनरावांचा नातू, अशोक आणि नीलिमा यांचा मुलगा ईशान. ईशानच. ही दोघं संसार मांडतायत. आम्ही हिला देत नाही आहोत, हिची हीच निघालीये. आम्ही शेजारी बसून बघतोय, एवढंच."

"व्याकरण नाही, पण अर्थ बरोबर आहे," कोपऱ्यातून आत्या म्हणाली आणि पुन्हा मेलबर्नकडे वळली.

वैजयंतीनं झारी कलती केली. थांबलेला थेंब पडला आणि मागून धार आली, माझ्या बोटांवरून रेवाच्या बोटांवर, तिच्यावरून ईशानच्या. वैजयंती पाण्याकडे बघत नव्हती. ती रेवाकडे बघत होती. कपाळावरच्या मुंडावळ्या, उजव्या भुवईवरचा लहानपणी पडल्याचा व्रण, लग्नासाठी कापलेले केस, सगळं एकेक करून. "हे केस कधी कापलेस?" तिनं विचारलं.

"तीन आठवडे झाले, आई."

खाली ठेवलेलं काशाचं भांडं भरलं. पाणी काठावरून पाटावर आलं, पाटावरून ईशानच्या नव्या धोतरावर. तो बिचारा हसून बसला होता. धार बारीक झाली, मग थेंब थेंब झाली. झारी रिकामी झाली तरी वैजयंतीचा हात खाली येईना.

"आई, झालं गं. पाणी संपलं," रेवा रडत आणि हसत म्हणाली. "उठूया का?"

"थांब ना गं जरा," वैजयंती म्हणाली. "मी आत्ताच आलेय."